खिडकीतून दुपट्टा टाकला म्हणजे सीट आपली झाली काय?

पऱ्हाटीवाला

राम राम मंडळी. लय दिवसांपासून डोक्यात घोळून राह्यलं म्हणून धागा काढतो. आपल्या विदर्भात एसटी फलाटाले लागायच्या आधीच पोट्टे तिच्या संगं पळतात अन् खिडकीतून दुपट्टा, रुमाल, टोपी, दप्तर, जे हाती येईन ते सीटवर फेकतात. मंग दारातल्या गर्दीत दबत दबत एखादी बुढी वर चढते, तिले एक सीट खाली दिसते, बसाले जाते तं बाजूचा म्हणते, "आजी, तिथं रुमाल हाये." रुमालवाला कुठं, तं खाली टपरीवर खर्रा घोटून घेऊन राह्यला! तं प्रश्न असा का, तो रुमाल माणूस म्हणून किती वेळ धरायचा? अन् एका माणसाचे किती रुमाल चालतील?

माझं मत आधीच लिहून ठेवतो, नाहीतं म्हणाल धागाकर्ता काडी लावून पळाला. रुमालाले माझा विरोध नाही. ज्याच्या गावाले दिवसातून दोन गाड्या अन् त्यातली एक मुक्कामी, तो रुमाल टाकनच. पण रुमाल एका बुडाचा. चार सीटांवर चार वस्तू टाकून "आमचे लोकं येऊन राह्यले" म्हणणं पटत नाही. अन् खरं म्हणजे सीट कोणाची हे रुमालावरून ठरूच नये, कोण कुठं उतरणार त्यावरून ठरावं. तुमच्याकडं काय पद्धत हाये ते सांगा. दारव्हा, घाटंजी, अकोट, मेळघाट, झाडीपट्टी, सगळ्याईनं लिहा.

अकोटचा_पाहुणा

पहिला!

रुमालाचं सोडा, आमच्या गाडीत एकानं चप्पल टाकली होती. एकच. दुसरी पायात. तो लंगडत लंगडत दारातून आला, पण सीट भेटली बावा त्याले, कोणी त्या चपलेले हात लावाले तयारच नव्हतं.

पुसद_ते_पुणे

मूळचा पुसदचा, नोकरीमुळे पुण्यात. राग नका मानू, पण हे सगळं रांग लावली की संपतं. जो आधी आला तो आधी चढला, रुमाल नको न् चप्पल नको. आपल्याकडे एवढी साधी गोष्ट का जमत नाही हे मला कधीच कळलेलं नाही.

पऱ्हाटीवाला

@पुसद_ते_पुणे, भाऊ, रांग लावाले गाडी कुठं थांबन हे तं माहीत पाह्यजे. पाटी एका फलाटाची अन् गाडी उभी राह्यते तिकडं मुतारीजवळ, म्हणजे रांगेतला पहिला तो शेवटचा होते. दुसरं असं का गाडी आमच्या स्टँडवरून सुटतच नाही, मागून भरून येते. खाली होणाऱ्या सीटा चार-सहा अन् चढणारे फलाटभर. त्यात उतरणारे अजून दारात हायेत तं चढणारे त्याईच्या छातीवर. रांगेनं काय होणार त्याचं, तुम्हीच सांगा.

पुसद_ते_पुणे

जिथून सुटते तिथे तरी लावा.

डबल_बेल

मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. म्हणून दोन गोष्टी सांगतो, लांबलं तं समजून घ्या.

नियमाचं विचाराल तं रुमालाले काहीच किंमत नाही. आरक्षण केलं असन तं तिकिटावर सीट नंबर असते, ती सीट त्याची, मंग तिथं कोणीबी बसलेलं असो. बाकी साध्या गाडीत तिकीट प्रवासाचं असते, सीटचं नसते. उभ्याले तेवढंच भाडं अन् बसल्याले तेवढंच. हेच लोकाईले पटत नाही. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्के वाढलं, तवापासून तं नोकरीतले पोरं सांगतात का जो तो म्हणते, एवढे पैसे मोजले, आता सीट तुम्ही द्या.

आता नियम बाजूले ठेवा, चालते कसं ते ऐका. भाडं टप्प्यावर असते, एक टप्पा ६ किलोमीटरचा. जुन्या लोकाईत रीत अशी का एक-दोन टप्प्याचा माणूस बसतच नव्हता. दांडा धरून दारापाशी उभा राहे, "माझं गाव आलंच" म्हणे. सीट खाली दिसली तरी लांबच्या माणसाले बोलावे. ही रीत कोणी लिहून ठेवली नाही, पण गाडी तिच्यावरच चाले. भांडण झालं का मी दोघाईले विचारो, कुठं उतरता? जो लांबचा त्याले बसवो. जवळचा कुरकुर करे पण त्याचं गाव आल्यावर भांडण त्याच्यासंगं उतरून जाये.

अन् रुमाल कधी फेकू देला नाही मी. रुमाल फेकला का मारामारी होते, मी लय पाह्यल्या. रुमाल उचलून दांड्याले बांधायचा, म्हातारं माणूस बसवायचं, मालक आला का त्याचा रुमाल त्याच्या हाती. बांधलेला रुमाल सोडता सोडता माणसाचा अर्धा राग उतरते.

संत्र्याची_फोड

अबे दांड्याले बांधायची आयडिया एक नंबर 😂 काका सलाम जी तुम्हाले.

हिंगणघाटकर

+१ डबल_बेल काका. बस थांबा न् टप्पा दोन्ही लोक विसरले आता. गावापासून तालुका आठ किलोमीटर, तेवढ्यासाठी सीटवरून भांडतात, डोकी फोडायला निघतात, अन् खाली उतरले की एकाच टपरीवर चहा पितात.

सिस्टरबाई

मी उपकेंद्रावर आहे नोकरीला, रोजचं अपडाऊन. तुम्ही सगळे रुमालावर बोलून राहिले, बायांचा प्रश्न त्याच्यापुढचा आहे. सीट मिळाली का नाही हे नंतर, कोणाच्या शेजारी मिळाली ते आधी.

दोनच्या सीटवर एक माणूस बसलाय, एक जागा रिकामी. तो भला माणूस म्हणून उठून मला खिडकी देतो. पण खिडकीत बसलं की मी आत अडकले, त्याचे गुडघे ओलांडल्याशिवाय बाहेर यायला नाही. आणि कडेला बसलं तर उभ्या गर्दीतलं कोणीतरी सारखं खांद्यावर रेलतं, ब्रेक मारला की जास्त, आणि प्रत्येक वेळी ब्रेकनंच होतं असंही नाही. दोन्हीकडून तेच. मग मी पर्स आणि लसीचा डबा मध्ये ठेवते, भिंत घातल्यासारखा. काही माणसं समजून पाय आवरतात. काही इतके ऐसपैस बसतात की दोन टप्प्यांत माझी अर्धी सीट त्यांच्या मांडीखाली गेलेली असते, आणि वरून डोळे मिटून झोपल्याचं सोंग!

सगळ्यात सोपा उपाय कोणी करत नाही. दोन वेगवेगळ्या सीटवर दोन माणसं एकेकटी बसलेली असतात आणि दोन बाया उभ्या असतात. एकानं उठून दुसऱ्याजवळ बसलं की झालं. कंडक्टर चांगला असेल तर तो सांगतो, "भाऊ तुम्ही तिकडं सरका." पण सांगावं लागलं की त्या भाऊंचा चेहरा पाहावा, शेत मागितलं वाटतं त्यांना.

वाशीमची_माय

अगदी अगदी बाई. आम्ही तर चढताना आधी बाया कुठं बसल्या ते पाहतो. ओळख ना पाळख, पण आतून आवाज येतेच, "या वं इकडं, सरकतो आम्ही." दोनच्या सीटवर तीन बाया अन् मांडीवर दोन लेकरं, तरी त्या गर्दीत बरं वाटते.

वरुडचा_बागवान

विषय निघालाच आहे तं बोलतो, बायाईनं रागावू नये. अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट अन् आम्ही पूर्ण तिकिटात उभे. पहिले बाजाराच्या दिवशीच गर्दी राहे, आता रोजच बाजार.

सिस्टरबाई

@वरुडचा_बागवान, बायांना अर्ध्या तिकिटाची सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे आणि उरलेले अर्धे पैसे सरकार महामंडळाला भरतं, म्हणजे माझं तिकीट फुकटात अर्धं झालेलं नाही. दुसरं, तुमच्या बागेत संत्रा तोडायला बाया येतात त्या कशानं येतात ते एकदा विचारा. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण माफ आहे, ६५ च्या पुढे अर्धं, शाळा-कॉलेजच्या पासात ६६.६७ टक्के सवलत. मग बाबूजींना पण उठवणार का, की पूर्ण तिकीट नाही म्हणून?

वरुडचा_बागवान

बाबूजीचं काही म्हणलं नाही मी. पण आमच्या गावचे एक आजोबा ७५ झाल्यापासून रोज तालुक्याले जातात. काम काही नाही. स्टँडवर बसतात, पेपर वाचतात, दुपारच्या गाडीनं वापस. तिकडून बी खिडकी अन् इकडून बी खिडकी.

संत्र्याची_फोड

जाऊ द्या ना भाऊ, त्याईचा जलम उभ्यानं गेला, बसू द्या आता.

पासवाली

मी बारावीला. आमचं कोणी ऐकतच नाही म्हणून लिहितेय. मोठी माणसं चढली की पहिला हुकूम आम्हाला, "ए पासवाले, उठा!" ग्रामीण भागात मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, मान्य. पण सकाळी साडेपाचला घरून निघायचं, क्लास, कॉलेज, मग ती पाचची गाडी, आणि पाठीवर दहा किलोचं दप्तर. आजी-आजोबा असले तर आम्ही सांगायच्या आधी उठतो. पण चाळिशीतला धडधाकट काका मोबाईलवर रील पाहत पाहत "उठ गं पोरी" म्हणतो तेव्हा काय करायचं? उठलं नाही तर म्हणतात आजकालच्या पोरींना संस्कार नाहीत.

आमच्या तालुक्यात सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बस आहेत मुलींसाठी, त्या वेळेवर आल्या की प्रश्नच नसतो. त्यात रुमालबिमाल काही नाही, ज्या गावच्या मुली आधी चढतात त्या मागं बसतात आणि पुढच्या गावच्यांसाठी पुढच्या सीटा सोडतात. हे आम्हीच ठरवलंय, कोणी शिकवलं नाही.

डबल_बेल

@पासवाली, बेटा, काका उठ म्हणला तं त्याले विचार, काकाजी तुमचं वय किती? ६५ म्हणला तं ऊठ. पासचं तिकीट बी तिकीटच असते, पासवाला उभाच राह्यला पाह्यजे असा काही नियम नाही. कंडक्टरले हाक मार, लाजू नको.

पऱ्हाटीवाला

हे बरं सांगितलं पोरीनं. पुढच्या गावासाठी सीट सोडणं म्हणजे मी जे म्हणून राह्यलो तेच. रुमाल न टाकता.

धानाची_पेंढी

झाडीपट्टीतून बोलतो जी. आमच्याकडे एसटी कमी न् काळी-पिवळी जीप जास्त. तिथे रुमाल चालत नाही, ड्रायव्हर सांगेल तसं बसायचं. पुढे ड्रायव्हर धरून चार जण. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर, अन् गिअरजवळची जागा एखाद्या बारक्या पोराला, कारण दर वेळी गिअर टाकताना त्याला पाय उचलावा लागतो. मधल्या सीटवर बाया अन् लेकरं, मागं समोरासमोरच्या पाट्यांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून, त्यातच कोणाचा तांदळाचा कट्टा. पोरं मागं लटकतात. ते चूक आहे, कोणी अनुमोदन देऊ नका. दिवाळीनंतर नाटकांचे दिवस आले की रात्री वडसा-ब्रह्मपुरीकडे अशाच गाड्या चालतात.

एक गोष्ट पण सांगण्यासारखी. गाडी भरल्यावर वाटेत पोटुशी बाई किंवा दवाखान्यात चाललेला माणूस दिसला तर ड्रायव्हर गाडी थांबवतो न् मागच्याला सरळ म्हणतो, "उतर बे, मागून येणाऱ्या गाडीत ये." तो उतरतो. पैसे दिलेले असले तरी उतरतो. एसटीत असं कोणाला उतरवून दाखवा बरं.

हिंगणघाटकर

एसटीत पैसे कागदावर असतात ना, म्हणून.

सेमाडोहकर

परतवाडा ते धारणी घाटात आमचा कायदा एकच आहे. ज्याला ओकारी येते त्याला खिडकी. आमदार असो का कोणी असो. गाडी घाटाला लागली की कंडक्टर आवाज देतो, "कोणाला मळमळते ते सांगून द्या आत्ताच." मग हात वर होतात, खिडकीतले लोक मुकाट्यानं उठतात, कारण नाही उठलं तर काय होईल ते सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. शहाणे लोक ओकारीवाल्याच्या मागच्या खिडकीत बसत नाहीत, तेवढं अनुभवानं येतं. नवीन पर्यटक असतात ते काच उघडून बसतात. बसू द्या.

बाजाराच्या दिवशी धारणीहून परत येताना सीटवर माणसं न् मधल्या वाटेत सामान अशी वाटणी असते. कोरकू बाया सामानाच्या गाठोड्यावरच बसतात न् सीट मागत नाहीत. त्यांना सीट मागायची नसते असा समज करून घेऊ नये, कोणी "या बाई बसा" म्हणलं तर लगेच बसतात. म्हणतं कोण?

अकोटचा_पाहुणा

आमदारावरून आठवलं, एसटीत सीटवर "आमदार" लिहिलेलं असते ते कोणी बसलेलं पाह्यलं काय?

डबल_बेल

एकदा पाह्यलं. निवडणूक हरल्यावर. माजी आमदाराले बी सवलत असते.

संत्र्याची_फोड

😂😂😂

रिटायर_मास्तर

धागा वाचून आनंद झाला. थोडं अवांतर, पण इतिहासाचा माणूस असल्यानं राहवत नाही.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या वेळी आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, मुंबई राज्यात नव्हतो. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे १ जूनला एसटीचा वाढदिवस आपण करतो तो उशिरानं घरात आलेल्या माणसासारखा.

बसण्याचं म्हणाल तर आमच्या वेळच्या गाड्यांमध्ये एका बाजूला तिघांची सीट न् दुसरीकडे दोघांची. तिघांच्या सीटवरचा तिसरा हा कायम अर्धाच बसलेला असे, एक पाय वाटेत. त्यावर चौथा येऊन "जरा सरका ना" म्हणे, आणि लोक सरकत! कुठं सरकत होते देव जाणे. आताच्या गाड्यांत दोघांना नेमकी जागा आखून दिलेली, मधला दांडा, वेगळ्या गाद्या. सरकायला काही उरलंच नाही, म्हणून "सरका" म्हणणारा माणूस आता उद्धट वाटतो. माझ्या मते भांडणं वाढली त्याला हेही एक कारण आहे.

मुंबईचा_भाचा

मास्तर, तुमचा तो अर्धा बसलेला तिसरा मुंबईत चौथा असतो. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्याला जागा द्यायची पद्धत पक्की आहे, अनोळखी माणूस नुसता हातानं खूण करतो, सगळे सरकतात, बोलणं शून्य. आणि सीटवाल्याला आधीच विचारून ठेवतात, "कुठे?" तो म्हणाला ठाणे की ती सीट ठाण्यापासून विचारणाऱ्याची. बाकी लोक मानतात. म्हणजे पऱ्हाटीवाले म्हणतात तो "कुठं उतरणार" कायदा तिकडे रोज चालतो. फरक एवढाच की तिथे उत्तर एका शब्दाचं असतं, आपल्याकडे "कुठं उतरता" विचारलं की पुढे कोणाच्या घरी चालले, कोण आजारी, तुरीला काय भाव भेटला इथपर्यंत सगळं येतं.

दुपारची_गाडी

अन् त्याच्याही पुढे एक प्रश्न येतो तो कोणी लिहिला नाही अजून. "कोणत्या गावचे? बरं बरं. आडनाव काय?" मी आडनाव सांगतो. मग समोरचा एक तर तसाच बोलत राहतो, ते चांगलेच लोक, जास्त तेच भेटतात. नाहीतर एकदम खिडकीबाहेर पाहायला लागतो, पुढच्या स्टॉपला दुसरी सीट रिकामी झाली की "तिकडं हवा येते" म्हणून उठून जातो. हवा इकडंही तेवढीच असते. आमचे आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. ते सांगायचे की त्या गर्दीत कोणी कोणाला आडनाव विचारलं नाही. मी आता आडनाव विचारलं की आधी त्यांचं विचारतो. बरेच जण दचकतात.

सिस्टरबाई

हे लिहिलंत ते बरं केलंत. हा प्रश्न बायांमध्ये पण असतो, फक्त फिरवून विचारतात, "माहेर कोणतं?"

पऱ्हाटीवाला

@दुपारची_गाडी, हे खरं आहे. आमच्या गावात बी आहे. कुठं उतरता एवढंच विचारायचं, त्याच्यापुढं विचारायची गरजच काय.

पुसद_ते_पुणे

मी अजून रांगेवरच आहे हं 🙂 पण एक विचारतो, लहान मुलांना खिडकीतून आत सोडतात ते अजून चालतं का? लहानपणी मला मामानं असंच सोडलेलं, माझं काम सीटवर आडवं पडायचं.

वाशीमची_माय

चालते ना! आमच्या नणदेचं लेकरू असंच आत सोडलं, ती दारातून चढू शकली नाही अन् गाडी हालली. लेकरू आत, माय खाली. आतल्या एका अनोळखी बुढ्यानं लेकराले कडेवर घेतलं न् असा आरडाओरडा केला का ड्रायव्हरनं गेटापाशीच गाडी उभी केली. माय चढली तं त्या बुढ्यानं लेकरू देलं अन् सीट बी देली. वरून तिले जे बोलला ते इथं लिहिता येत नाही.

डबल_बेल

लेकरू टाकू नका मायबापहो. हात जोडतो. रुमाल टाका, चप्पल टाका.

अकोटचा_पाहुणा

उन्हाळ्यावर कोणीच बोललं नाही, अन् आपल्याकडं अर्धे भांडणं उन्हामुळंच होतात. अकोटहून सकाळी अकोल्याले जाताना गाडी दक्षिणेकडं, म्हणजे ऊन डावीकडून. संध्याकाळी वापस येताना गाडी उत्तरेकडं, ऊन पश्चिमेचं, तरी बी डावीकडूनच! म्हणजे दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या बाजूले बसायचं. रोजच्या अपडाऊनवाल्याईले हे पाठ असते, ते सगळे आधीच उजवीकडं. नवीन माणूस चढला का त्याले वाटते, वा, डावीकडं खिडकी खाली! मे महिन्यात ४५ डिग्रीत ती पत्र्याची कड कोपराले लागली का कळते काऊन खाली होती ते.

हिंगणघाटकर

हे पक्कं. आणि डावीकडं बसलेला दुपट्टा काढून खिडकीला पडदा करतो. दुपट्ट्याचा तेवढा एक उपयोग मला मान्य आहे.

पासवाली

पडदा केला की मागच्याला वारा येत नाही. त्यावरून कालच झालं आमच्या गाडीत.

संत्र्याची_फोड

काचेचं बोला आधी. सरकती काच असते, आपण आपल्यापुरती उघडली का ती मागच्या सीटसमोर जाते न् त्याची बंद होते. तो म्हणते माझी उघडतो, तं आपली बंद. मंग काच कोणाची भाऊ? डबल_बेल काका, याच्यावर काही नियम हाये काय?

डबल_बेल

काचेवर कंडक्टरनं पडायचं नाही, हे मले नोकरी लागली तवा जुन्या कंडक्टरनं सांगितलं होतं. मी पडलो नाही.

वरुडचा_बागवान

उन्हाळ्यात ज्याची काच बंद तो पेटलेला असते, हिवाळ्यात ज्याची उघडी तो. माझं म्हणणं अर्धी अर्धी ठेवावी.

सिस्टरबाई

अर्धी ठेवली की दोघांच्याही तोंडावर काचेची कड येते, वारा कोणालाच नाही. करून पाहिलंय.

सेमाडोहकर

घाटात काच ओकारीवाल्याची. सपाटीवर तुम्ही पाहून घ्या.

पुसद_ते_पुणे

काचेवर वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे रुमाल मागे पडला.

पऱ्हाटीवाला

तुम्हीच काढा भाऊ, पुण्यात वेळ असते. मले सकाळी ऊन चढायच्या आत वखरणी उरकाची हाये. अन् @अकोटचा_पाहुणा, तुमचं ते ऊन डावीकडचं गणित यवतमाळ-दारव्हा लायनीले कसं बसते ते सांगून ठेवा, आमची गाडी सकाळी पश्चिमेकडं निघते.

अकोटचा_पाहुणा

सोपं हाये. सकाळी पश्चिमेकडं म्हणजे ऊन पाठीमागून, संध्याकाळी वापस पूर्वेकडं, तरी पाठीमागूनच. कुठंबी बसा. मागची लांब सीट तेवढी सोडा, तिथं काच तापते न् खड्डाबी तिथंच लागते.